हेरवाडचा विधवा प्रथाबंदी ठराव

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी संमत केलेला ठराव. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचे त्यात ठरले. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. त्यांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1917 मध्येच केला होता.

अवघ्या 13 दिवसांत, 17 मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा नाही. त्याचे बळ गावाच्या संमतीत आहे. खरी भांडणे मात्र बांगड्यांवर थांबत नाहीत, ती जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत जातात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार मृत्युपत्र नसल्यास पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवेला मुलगा, मुलगी व सासू यांच्याइतकाच वाटा मिळतो. पुनर्विवाह केला म्हणून तो जात नाही. सोयीस्करपणे विसरली जाते ती हीच तरतूद! सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करावा लागतो. त्यावरून होणारी फेरफार नोंद मात्र केवळ महसुली असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटवते.