गोरज मुहूर्त आणि फ्लॅशगन

आमच्या कटंगीच्या घरातील जुन्या आल्बममध्ये एक छायाचित्र आहे. १९७४ साली झालेल्या आत्याच्या लग्नातले, नेमके अंतरपाट दूर झाल्याच्या क्षणाचे. चित्राचा डावा अर्धा भाग लख्ख आहे. त्यात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, त्याच्यामागे मामा आणि हवेत थबकलेल्या अक्षता दिसतात. उजवा अर्धा भाग मात्र काळाकुट्ट आणि दोहोंमध्ये पट्टीने आखल्यासारखी सरळ उभी रेषा. ज्या बाजूला आत्या उभी होती, ती बाजू काळोखात गेली. छायाचित्रकाराला घरातल्या वडील मंडळींनी त्या वेळी पुष्कळ बोल लावले आणि त्याचे निम्मे पैसे कापून घेतले, असे सांगतात.

आपल्याकडील विवाह बहुधा गोरज मुहूर्तावर लागत. गाई परतण्याची ती वेळ धर्मशास्त्राला कितीही प्रिय असली, तरी छायाचित्रणाला तिच्यासारखी अडचणीची दुसरी नाही. सूर्य गेलेला असतो, मांडवातील पेट्रोमॅक्स डोळ्यांना पुरतात, फिल्मला पुरत नाहीत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळी नावाजलेले छायाचित्रकार होते. पण तो सारा व्यवहार सूर्यप्रकाशाचा. रात्रीचा प्रसंग टिपण्याची सोय कोणाजवळही नव्हती.

ती सोय प्रथम मॅग्नेशियमने केली. १८६४ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्सने मॅग्नेशियमची तार जाळून डर्बीशायरमधील एका खाणीचे अंतरंग टिपले आणि पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ याने तोच उजेड इजिप्तच्या महापिरॅमिडच्या पोटात नेला. १८८७ मध्ये गेडिके आणि मीथे या जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळले. तारेचा रेंगाळणारा प्रकाश जाऊन एका भडक्याचा प्रकाश आला. ही भुकटी म्हणजे जवळजवळ शोभेची दारूच! न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांची चित्रे घेणाऱ्या जेकब रीसने तिच्या पायी दोनदा आग लावून घेतली होती. जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारलेल्या मांडवात ती पेटवणे किती धाडसाचे, हे वेगळे सांगावयास नको. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेत बंद केलेला फ्लॅशबल्ब निघाला. धूर गेला, पण एक बल्ब एकाच चित्रापुरता. पुन्हा पुन्हा चमकणारी झेनॉन वायूची नळी अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांच्या १९३० नंतरच्या प्रयोगांतून पुढे आली आणि तिच्यातूनच आपल्या ओळखीची फ्लॅशगन घडली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला. सोयरिकी सीमेपलीकडे आणि आपण अलीकडे, अशा स्थितीत लग्नाच्या छायाचित्रांना आपल्या कुटुंबांत पत्रांइतकेच मोल आले. त्यामुळे त्या बंदुकीच्या लहरी सोसणे भाग होते. तिच्या पोटातील कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो. सेल ताजे असतील तर काही सेकंदांत मागचा निऑन दिवा लागतो, दिवसभर वापरलेले असतील तर वीस-वीस सेकंद वाट पाहावी लागते. भटजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणताना तेवढे थांबत नाहीत! अनुभवी माणूस म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाला एकही चित्र घेत नसे. दिवा लागल्याबरोबर घाई करण्यातही लाभ नाही, कारण तो लागतो तेव्हा कपॅसिटर पुरता भरलेला असतोच असे नाही.

फ्लॅश चमकूनही संपूर्ण चित्र काळे आले, तर दोष बहुधा एका खटक्याचा. जुन्या दोन भिंगी कॅमेऱ्यांवर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशा दोन खुणा असत. ‘एम’ बल्बसाठी. बल्ब पूर्ण तेजाला यायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग घेई, म्हणून शटर तितके उशिरा उघडे. झेनॉनची नळी सेकंदाच्या हजाराव्या भागात विझते. तिला ‘एम’वर जोडले की शटर उघडण्यापूर्वीच सारे आटोपते.

चेहरे पांढरेफटक येण्याचे कारण निराळे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून गनच्या मार्गदर्शक अंकाला अंतराने भागून छिद्राचा आकडा काढीत, २८ चा अंक असेल तर साडेतीन मीटरवर ८. पुढे प्रकाश स्वतः मोजणाऱ्या गन आल्या. उघड्यावरील मांडवात त्यांना मागचा काळोखच अधिक दिसे, त्या सारा उजेड ओतीत आणि पुढच्या रांगेतील जावईबापू भुतासारखे उमटत. गनचे तोंड वर करून छतावरून उजेड परतवावा, तर आपल्या कौलारू घरांना पांढरे छत नाही. आणि गुलाबी कनातीखाली तो प्रयोग केल्यास वऱ्हाड गुलाबी होते.

कोणाच्या ट्रंकेत अशी गन असेल, तर ती नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर परस्पर चढवू नये. काही जुन्या गनच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो, काही कॅमेरे ६ व्होल्टच सोसतात. आधी मल्टीमीटरने तो दाब मोजावा. सेल पाझरून पट्ट्यांवर साचलेला हिरवट-पांढरा थर खरवडावा, संपर्कबिंदू पेन्सिलीच्या खोडरबराने घासावेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेला कपॅसिटर पहिल्याच खेपेस पुरता भरत नाही. चार-पाच वेळा सावकाश भरून, चमकवून त्याला पूर्ववत करावे लागते. गन उघडण्याच्या भरीस मात्र पडू नये. बंद असतानाही आतला भार जबर धक्का देतो.

आता आत्याचे छायाचित्र. त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत कापडी पडदे आडवे धावत. १/६० सेकंद किंवा त्याहून मंद वेगावरच संपूर्ण फिल्म एका वेळी उघडी पडे. १/१२५ वर दोन पडद्यांमधून केवळ एक फट सरके आणि फ्लॅश त्या फटीपुरताच उमटे. अंतरामुळे आलेला अंधार हळूहळू दाटतो. पडद्यामुळे आलेल्या अंधाराची कड सरळ असते. आल्बममध्ये त्याच दिवशीची, उन्हातली सीमांतपूजनाची चित्रे स्वच्छ आहेत. ती घेताना ठेवलेला वेग संध्याकाळी बदलायचा राहिला, एवढेच झाले असावे.

मूळ निगेटिव्ह आमच्याकडे अजून आहे. गेल्या वर्षी ते स्कॅन करवून काळ्या अर्ध्या भागाची उजळणी केली. गोरजेचा उरलासुरला उजेड त्या भागावरही पडला होता. बऱ्याच करड्या दाण्यांमधून एक नथ, मुंडावळ्यांची एक सर आणि उचललेले दोन हात दिसले. हातांत वरमाला होती.