शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) : बारामतीच्या संदर्भात

काँग्रेसमधून फुटून निघालेल्या आमदार-नेत्यांनी महाराष्ट्रात उभा केलेला डावा पक्ष. सत्यशोधक चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले केशवराव जेधे, तसेच शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख आदींनी 1947 साली काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा गट बांधला आणि 1948 साली तो स्वतंत्र पक्ष म्हणून बाहेर पडला. बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात सत्ता शहरी पुढाऱ्यांच्या हाती राहिली, सक्तीने वसूल होणाऱ्या लेव्हीच्या धान्याचा बोजा शेतकऱ्यावर पडला, आणि स्वातंत्र्यलढ्यात राबलेला बहुजन कार्यकर्ता निर्णयाच्या जागी दिसेना, ही त्यांची तक्रार होती. ती खरी होती, म्हणूनच ती गावोगाव पटली. 1950 साली दाभाडी येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला आणि 1952 च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत 14 जागा मिळवल्या. पुढे मात्र नेतेच एकेक करून काँग्रेसमध्ये परतू लागले. शेकापच्या ऱ्हासाचे मुख्य कारण हेच आहे: वरून फुटलेल्या पक्षाच्या नेत्यांना परतीची वाट खुली असते आणि सत्ताधारी पक्ष ती मुद्दाम रुंद करतो.

हे बारामती मतदारसंघात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. 1957 साली येथून लोकसभेवर गेले ते पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे, पण काँग्रेसचे उमेदवार म्हणून. 1959 साली त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या 1960 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले, तर शेकापकडून वकील वसंतराव पवार लढले. पवारांचे घर शेकापच्या विचाराचे; 1938 साली पुणे लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या शारदाबाई पवार या वसंतरावांच्या मातोश्री. तरीही वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी काँग्रेसच्या उमेदवाराचा प्रचार केला, आणि गुलाबराव निवडून आले. 1967 साली तुळशीदास जाधव आणि 1971 साली रघुनाथ खाडिलकर येथून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. दोघेही पूर्वी शेकापचे. म्हणजे शेकापमधून आलेली माणसे बारामतीने दिल्लीला पाठवली, पण शेकापच्या तिकिटावर नव्हे. यामागे काँग्रेस नेते यशवंतराव चव्हाणांचे, विरोधकांना पक्षात सामावून घेणारे बेरजेचे राजकारण होते. नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला सहकारी साखर कारखान्यात भागभांडवल आणि संचालकपद मिळण्याची सोय झाली, तेव्हा शेकापने मांडलेल्या गाऱ्हाण्याचा मोठा भाग काँग्रेसमध्ये राहूनच सुटू लागला. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. शेकाप विरला याची खरी किंमत त्यांनी मोजली.

दाभाडीच्या पोथीनिष्ठ भूमिकेमुळे आणि नंतरच्या फाटाफुटीमुळे पक्ष खचला, असा एक आक्षेप घेतला जातो. फाटाफूट झाली हे खरेच. पण दाभाडीनंतरच, 1957 साली, मराठी भाषिक राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून पक्षाने 31 जागा जिंकल्या. म्हणजे मार्क्सवादाने मतदार बिथरला नव्हता. ते यश समितीच्या लाटेचे होते, असे यावर कोणी म्हणेल. 1962 साली जागा 15 वर आल्या, तेव्हा त्यात तथ्य आहे, पण 1967 साली, लाट ओसरल्यावरही, पक्षाने 19 जागा मिळवल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फुटीर नेत्यांचा पक्ष टिकत नाही, तर रायगड आणि सांगोल्यात तो इतकी दशके कसा टिकला? पण रायगडात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील चरीचा शेतकरी संप 1933 ते 1939 असा चालला होता. खोत म्हणजे जमीनदार यांच्याविरुद्धची ती संघटना पक्षापेक्षा जुनी. सांगोल्यात गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले ते दुष्काळी तालुक्यातल्या पाण्याच्या आणि रोजगाराच्या लढ्यांच्या बळावर. या दोन्ही ठिकाणी पक्ष विधानसभेतून गावात आला नव्हता, गावातून विधानसभेत गेला होता. सांगोल्याने 2024 सालीही शेकापचाच आमदार निवडून दिला.