गळाची काठी, नाजूक शेंड्याची

माशाने आमिषाला नुसते तोंड लावले, तरी ती हालचाल माणसाच्या हाताला किंवा डोळ्याला कळवणारी मासेमारीची काठी. गळ, शिसे, तंगूस, तरंगा आणि काठी मिळून हे एकच साधन होते. त्यातला एक भाग जड झाला, की बाकीच्यांचा हलकेपणा वाया जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा, मुळा आणि आढळा या नद्यांचे डोह, तसेच भंडारदरा व निळवंडे ही धरणे या काठीच्या वापराची ठिकाणे होत. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे येथे खोल, थंड आणि संथ पाणी तयार झाले. वाहत्या ओढ्यात मासा आमिषावर झडप घालतो. संथ पाण्यात तो ते चाखून टाकून देतो, आणि तेथेच काठीची परीक्षा होते.

काठीचा ताठपणा तिच्या जाडीवर फार अवलंबून असतो. गोल, भरीव काठीची जाडी निम्मी केली, तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही. सोळावा भाग उरतो. लांबी दुप्पट केली, तर आठवा भाग उरतो. शेंड्याकडची शेवटची वीतभर लांबी एवढी महत्त्वाची ठरते ती यामुळे. मात्र नाजूक काठी म्हणजे लुळी काठी नव्हे. सगळीच वाकणारी काठी माशाचा धक्का स्वतःतच जिरवते आणि हिसका दिला तरी गळ रुतत नाही. शेंडा लवचीक, मध्यभाग दमदार आणि बुडखा ताठ, अशी काठी खरी कामाची.

बांबूची काठी निवडताना तीन वर्षांच्या पुढचा, पक्का झालेला, सरळ आणि शेंड्याकडे आपोआप निमुळता होत गेलेला बांबू घ्यावा. जाड शेंडा तासून बारीक करण्याचा मोह टाळावा. बांबूचे सर्वांत चिवट तंतू सालीलगत असतात. साल गेली की काठी दिसायला नाजूक राहते, पण मोठ्या माशाच्या पहिल्याच ओढीला पेरापाशी मोडते. कापलेली काठी सावलीत वाळवावी आणि बाक असेल तिथे मंद आचेवर धरून सरळ करावी. बाजारातल्या काठ्यांत काचतंतूची काठी मार सोसते, पण वजनाने जड असते. कार्बनची काठी त्याच ताठपणाला हलकी असल्याने बारीक थरथर हाताला अधिक स्पष्ट कळवते, पण दगडावर आपटली तर तडकते. नदीकाठच्या खडकांत उतरणाऱ्या नवशिक्याने काचतंतूचीच काठी घ्यावी.

नायलॉनचा तंगूस ताणला जातो, त्यामुळे खोल पाण्यातली टोच वर येईपर्यंत विरते. विणलेला दोरा जवळजवळ ताणत नाही, पण झटकाही सोसत नाही. तो वापरणाऱ्याने हिसका बेताने द्यावा. तरंग्यासाठी मोरपिसाचा देठ किंवा ज्वारीच्या ताटाचे वाळलेले भेंड चालते. शिशाचे मणी एकेक वाढवत तरंग्याचे जेमतेम टोक पाण्यावर राहील इतका तो बुडवावा. मग मासा ओढतो तेव्हा टोक खाली जातेच. पण तळाचा मासा आमिष उचलतो तेव्हा शिशाचा भार हलका होऊन तरंगा वर येतो आणि कधी आडवा पडतो. तरंगा बुडण्याची वाट पाहत बसणाऱ्याचा हाच घास हुकतो. तरंगा वर आला तरी हिसका द्यायचा, तो मनगटाने आणि आखूड. चिलापी आणि शिंगटा यांना नाजूक शेंड्याची काठी शोभते. मरळ किंवा मोठा कटला धरायला दमदार काठीच हवी.

थंडीत नाजूक काठीचे मोल वाढते. माशाचे शरीर पाण्याइतकेच गार होते, पचन मंदावते आणि तो आमिष ओढून नेण्याऐवजी जागेवरच चोखतो. अकोले तालुक्यात जलाशय गोठत नाहीत. पण फिनलंड, रशिया, जपान, कोरिया येथे गोठलेल्या तळ्यांवर भोक पाडून मासे धरतात, तिथे हीच अडचण टोकाला जाते. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड पाणी वर राहून तेथेच गोठते आणि मासे खालच्या किंचित उबदार थरात जगतात. भोकाच्या शेजारीच बसायचे असल्याने तिथली काठी अगदी आखूड असते, आणि तिच्या टोकाला बसवलेली पातळ पट्टी किंवा स्प्रिंग माशाच्या श्वासाएवढ्या ओढीनेही लवते. बोटभर वाकासागी मासे धरण्यासाठी जपानमध्ये चपट्या, अतिपातळ शेंड्याच्या काठ्या वापरतात.

गळाची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून, माशांचे प्रकार आणि त्यांना घालायचे आमिष यांची चर्चा तिथे येते.

काठी हाताळताना एक खबरदारी घ्यावी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. वळवाचे ढग दाटले की काठी खाली ठेवून काठापासून दूर व्हावे आणि विजेच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये. राज्यातील अनेक जलाशयांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाचे नियम लागू होतात. गळ टाकण्यापूर्वी त्या त्या ठिकाणची परवानगी घ्यावी लागते.