पीसी-बीएसडी

पीसी-बीएसडी ही फ्रीबीएसडीवर आधारलेली, वैयक्तिक संगणकासाठी तयार केलेली मुक्तस्रोत कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) होती. क्रिस मूर यांनी २००५ साली तिचा आरंभ केला. युनिक्सचा पूर्वानुभव नसलेल्या व्यक्तीलाही फ्रीबीएसडी आपल्या संगणकावर बसवता यावी, हा तिचा मुख्य उद्देश होता.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत विकसित झालेल्या युनिक्सच्या परंपरेतून १९९३ साली फ्रीबीएसडीचा जन्म झाला. स्थैर्यामुळे सर्व्हरसाठी तिला पसंती मिळाली; परंतु तिची स्थापना केवळ मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावरून करावी लागे. डिस्कचे विभाजन कसे करावे, कोणते घटक निवडावेत, हे वापरकर्त्यानेच ठरवायचे असे. स्थापना पूर्ण झाल्यावरही आज्ञा टंकण्याची ओळ तेवढी समोर येई. खिडक्या व चिन्हे असलेला डेस्कटॉप स्वतंत्रपणे बसवावा लागे. हवे तेवढेच घटक बसवण्याची ही मुभा सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सोयीची वाटते. नवख्याला मात्र तीच अडसर ठरते.

स्थापनेची सुलभता

पीसी-बीएसडीने माउसने हाताळता येणारा चित्रमय स्थापक उपलब्ध करून दिला. मोजक्या प्रश्नांची उत्तरे दिली की उरलेली कामे तो स्वतः पार पाडी आणि संगणक पुन्हा सुरू होताच केडीई हा डेस्कटॉप वापरासाठी सिद्ध असे. मूळ गाभा फ्रीबीएसडीचाच राहिल्याने जाणकारांना तिची नेहमीची साधनेही वापरता येत.

पीबीआय पद्धत

सॉफ्टवेअर बसवण्यासाठी पीबीआय नावाच्या फाइली असत. प्रत्येक फाइलमध्ये प्रोग्रॅम व त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र असल्याने एक प्रोग्रॅम काढून टाकल्यास दुसरा बिघडत नसे. या सोयीची किंमतही होती. एकाच लायब्ररीच्या अनेक प्रती डिस्कवर साठत आणि तिच्यात सुरक्षादोष आढळल्यास प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे बदलावी लागे. पुढे प्रकल्पाने फ्रीबीएसडीच्या पीकेजी पद्धतीचा स्वीकार केला.

नंतरचा काळ

आवृत्ती १.० एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयएक्ससिस्टम्स या अमेरिकी कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला. २०१२ च्या आवृत्ती ९.० पासून स्थापनेच्या वेळीच निरनिराळ्या डेस्कटॉपांतून निवड करता येऊ लागली. २०१६ मध्ये प्रणालीचे ट्रूओएस असे नामांतर झाले आणि २०२० मध्ये तिचा विकास थांबला. फ्रीबीएसडीवरच आधारलेल्या घोस्टबीएसडी या प्रणालीने चित्रमय स्थापक व तयार डेस्कटॉप देण्याचे कार्य पुढे चालू ठेवले.