केडगावच्या मुली आणि पवित्र आत्मा

आज जाऊया पुण्याजवळच्या केडगावात. साल १९०५. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. इथल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचलेल्या, काही बालविधवा.

त्या वर्षी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनासभा सुरू केल्या. जूनअखेर मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. अंगात आग उतरल्यासारखं वाटतंय, असं त्या सांगत.

यावर विश्वास ठेवा, नका ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये पवित्र आत्मा जमलेल्या प्रत्येकावर उतरतो. म्हणजे हे सामर्थ्य मिळायला बिशप असावं लागत नाही, पुरुषही नाही. केडगावच्या मुलींनी ते शब्दशः खरं मानलं आणि टोळ्या करून त्या गावोगाव प्रचाराला निघाल्या. जिला चारचौघांत यायची बंदी, तीच आता चारचौघांसमोर बोलत होती!

मिशनमधल्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. ते थेट चिलीत पोचलं आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून प्रेरणा मिळाली. ही चळवळ अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटवर सुरू झाली, असं सर्रास सांगतात. पण तिथल्या सभा १९०६ च्या. केडगाव त्याच्या आधीचं. हे लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!