शेगडी खोलीबाहेर कशी गेली

सतराव्या शतकात उत्तर युरोपातल्या श्रीमंतांना संत्र्याच्या झाडांचं भलतंच वेड लागलं होतं. झाड भूमध्य समुद्राकाठचं, हिवाळा बर्फाचा. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या राजवाड्याची बाग आखणाऱ्या सालोमाँ द को याने १६२० च्या आपल्या पुस्तकात यावरचा उपाय लिहून ठेवला आहे. थंडीच्या तोंडावर जमिनीत लावलेल्या शेकडो झाडांभोवती २८० फूट लांबीची लाकडी शेड उभारायची, भट्ट्या पेटवून हिवाळा काढायचा आणि ईस्टरला, मांडव उतरवावा तशी, सगळी शेड उतरवायची. तीस वर्षांच्या युद्धात ती बाग बुडाली. शेड मात्र युरोपभर पसरली.

बहुतेकांना भट्टी परवडत नसे. ते कोळशाच्या शेगडीवर भागवत. बागकामावर लिहिणाऱ्या इंग्लंडच्या जॉन एव्हलिनचा सल्ला असा की खोलीत बशीत पाणी ठेवावं आणि ते गोठलं तरच निखारे आत आणावेत. थर्मामीटर घरोघर नव्हता, तेव्हा बशीवर विसंबण्यात काही चूक नव्हती. घोळ शेगडीचा होता. कोंदट खोलीत कोळसा जळू लागला की पानं गळायची. ज्या आगीने झाड जगवायचं, तीच झाडाच्या मुळावर यायची. अर्धवट जळणातून निघणारा इथिलीन वायू अगदी थोडा असला तरी झाडाला पुरे होतो, हे कळायला विसावं शतक उजाडलं. (निफाडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, पण तिथे वर आभाळ मोकळं असतं.)

कारण कळण्याआधीच माळ्यांनी आगीला बाहेरचा रस्ता दाखवला होता. १६८५ च्या ऑगस्टमध्ये एव्हलिन लंडनजवळच्या चेल्सी इथे औषधी वनस्पतींच्या बागेत गेला. वॉट्स नावाच्या तिथल्या प्रमुखाने भट्टी खोलीच्या खाली, विटांच्या कमानीत बसवली होती. जमीनच तापल्यामुळे कडक थंडीतही दारं-खिडक्या उघड्या ठेवता येत, फक्त बर्फ आत येऊ द्यायचा नाही. एव्हलिनने रोजनिशीत त्याचं कौतुक केलं, आणि पुढे स्वतः एक आराखडा प्रसिद्ध केला: भट्टी भिंतीबाहेर, नळीतून येणारी ताजी हवा तिथेच तापणार आणि मग झाडांकडे जाणार.

डच माळी तर आगीशिवायच ऊब मिळवू लागले. कातडं कमावून उरलेला ओकच्या सालीचा चोथा खड्ड्यात भरायचा आणि त्यात कुंड्या पुरायच्या. शेणखत लवकर तापतं आणि लवकर निवतं, हा चोथा मात्र कित्येक महिने मंद कुजत राहतो. अशाच चोथ्यावर इंग्लंडमधल्या रिचमंडला हेन्री टेलेंडे या माळ्याने अननस पिकवला, आणि मालकाने १७२० मध्ये त्या फळाचं चक्क तैलचित्र काढून घेतलं. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेलं हेच फळ तोवर परसात रुळलं होतं.

नळांतून गरम पाणी फिरवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात रुळली. तिचा कळस इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या वाड्यात झाला. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८४० मध्ये पुरं केलेल्या काचगृहाखाली आठ बॉयलर आणि सुमारे ११ किलोमीटर नळ होते. कोळसा भुयारातून यायचा, धूर भुयारातूनच दूरच्या रानातल्या धुराड्याकडे जायचा. आग आता नजरेलाही पडत नव्हती, आणि तिची भूक किती आहे हेही दिसत नव्हतं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली. १९२० मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली.

त्यानंतर मला खरी मौज वाटते ती बबल रॅपची. १९५७ मध्ये न्यू जर्सीत दोघांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये हवेचे फुगे राहिले. हेतू होता भिंतीवरचा कागद करण्याचा, तो कोणी घेईना. मग काचगृहांचं अस्तर म्हणून विकून पाहिलं, तेही चाललं नाही. शेवटी पार्सलांनी त्याला तारलं. आता मात्र इंग्लंडातले बागवाले ऑक्टोबर सरता सरता काचगृहाच्या काचांना आतून मोठ्या फुग्यांचं बबल रॅप लावतात. दुपारी ऊन असेल तर दार थोडं उघडतात, नाहीतर आत साचलेल्या ओलीने बुरशी धरते.