मतदारयादीत अडकलेला देश

वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये देश निवडायची लांबलचक यादी असते ना, तिच्या पार तळाशी, येमेनच्या जरा वर, 'वेस्टर्न सहारा' असतं. कोड ईएच. पहिल्या नोकरीत ही यादी डेटाबेसमध्ये भरताना मी सीनिअरला विचारलं, "हा देश आहे का?" तो म्हणाला, "आयएसओच्या यादीत आहे ना? मग राहू दे." पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, जगानेही साधारण हेच केलंय.

ही मुळात स्पेनची वसाहत. स्पेन निघायच्या बेतात होता आणि मोरोक्को व मॉरिटानिया दोघेही हक्क सांगत होते. प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 16 ऑक्टोबर 1975 रोजी न्यायालयाने मत दिलं: काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती हे खरं, पण त्यावरून जमिनीवर सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, तिथल्या लोकांनीच ठरवावं. मोरोक्कोचा राजा हसन दुसरा याने यातला पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. त्याच दिवशी त्याने 'हरित मोर्चा' जाहीर केला. नोव्हेंबरात सुमारे साडेतीन लाख निःशस्त्र माणसं सीमेवर चालत आली, आणि आठवड्याभरात स्पेनने माद्रिदमध्ये करार करून प्रदेश दोन्ही शेजाऱ्यांच्या हाती दिला. पोलिसारियो ही तिथल्या सहरावींची संघटना. ती लढत राहिली. 1979 मध्ये मॉरिटानिया बाहेर पडला, मोरोक्कोने त्याचाही वाटा घेतला आणि वाळवंटात सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा वाळूचा बांध घातला. हजारो सहरावी अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावण्यांत गेले.

1991 मध्ये युद्धबंदी झाली. संयुक्त राष्ट्रांनी 'मिनुर्सो' नावाचं मिशन पाठवलं. जानेवारी 1992 मध्ये सार्वमत घ्यायचं ठरलं: स्वातंत्र्य की मोरोक्को?

आता खरी गोम. मत कोणी द्यायचं?

स्पेनने 1974 मध्ये केलेल्या जनगणनेत सुमारे 74 हजार माणसं होती. पोलिसारियोला तीच यादी हवी होती. मोरोक्को म्हणे, आमच्याकडे आधीच पळून आलेल्यांचं काय? दोघांचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, कारण उंटांमागे फिरणाऱ्या माणसांचा कायमचा पत्ता कुठून आणायचा? मग निकष वाढवले. बाप तिथे जन्मलेला चालेल, काही वर्षं सलग राहिलेला चालेल. दोन्ही बाजूंचे शेख समोरासमोर बसवून, एकेका अर्जदाराला "हा आपल्यातला का?" असं विचारलं जाऊ लागलं. कागद नसेल तर तोंडी साक्ष. डुप्लिकेट नोंदी काढायचं काम केलेल्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल. आणि इथे तर प्रत्येक नोंद म्हणजे एक मत!

जवळपास दोन लाख माणसांच्या मुलाखती झाल्या. 2000 पर्यंत सुमारे 86 हजार पात्र ठरले. लगेच 1 लाख 30 हजारांवर अपिलं आली, बहुतेक मोरोक्कोच्या बाजूने. काम तिथेच थांबलं. मला हे अपयश तांत्रिक वाटत नाही. यादी पूर्ण झाली की निकाल लागणार होता, आणि जमीन ज्याच्या ताब्यात होती त्याला निकालाची घाई नव्हती.

आपणही यात आहोत. भारताने 1985 मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 मध्ये ती काढून घेतली.

ऑक्टोबर 2025 मध्ये सुरक्षा परिषदेने मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला वाटाघाटींचा पाया मानलं. मिनुर्सोची मुदतही वाढवली. त्या फ्रेंच संक्षेपातला 'आर' म्हणजे रेफेरेंडम, सार्वमत. तो अजून तसाच आहे. 2000 च्या यादीतला सगळ्यात तरुण मतदार आता चाळिशी ओलांडून गेलाय.